बाजीरावाचा भाला कुठंय?

‘बाजीराव मस्तानी’ मी चार वेळा पाहिलाय. पहिल्यांदा 2015मध्ये थिएटरात, मग फोनवर. चौथ्या वेळी छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून हुरडा आणला होता. तो खाता खाता एक गोष्ट खटकली, ती खटकलीच.

आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. शत्रूच्या दरबारातून चित्रकार पाठवला जातो, बाजीराव दिसतो कसा ते काढून आणायला. तो काढून आणतो : घोड्यावर बसलेला माणूस, लगाम सैल सोडलेला, खांद्यावर भाला, दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून खातोय. गोष्ट खरी की खोटी हा मुद्दाच नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर बाजीराव भाल्यासकट होता.

भन्साळीचा बाजीराव बाणाने मोरपीस चिरतो, सैनिकांच्या ढालींवरून धावत जाऊन हत्तीवर झेपावतो, शेवटी नदीच्या पाण्यात भासांवर तलवार चालवतो. भाला असलाच तर मागच्या गर्दीत. कारण तलवारीत दोन चेहरे एका क्लोजअपमध्ये येतात. भाल्यात समोरचा लांब उभा असतो. जपानी भालाविद्येत, म्हणजे सोजुत्सूत, नाराच्या होझोइन परंपरेचा आडव्या पात्याचा भाला साधारण 9 फुटांचा असतो. मराठ्यांच्या विट्याला तर दोरी बांधलेली, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. स्टारच्या चेहऱ्यासाठी हे गैरसोयीचं हत्यार आहे.

पण दाखवता येतं. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (1954) बघा. साडेतीन तासांचा आहे, दोन रात्रींत बघा, हरकत नाही. त्यात शेतकरी बांबूचे भाले घेऊन रांगेत कवायत करतात, आधी हसू येईल इतकी वाईट. मग लढाईत एक घोडेस्वार गावात आत घेतात, लगेच वाट बंद करतात आणि सगळे मिळून त्याला भाल्यांनी घेरतात. एकटा शेतकरी कुणालाच मारू शकला नसता. पावसातली शेवटची लढाई कुरोसावाने अनेक कॅमेरे लावून, लांबच्या लेन्सने टिपली. त्यामुळे घोडा, चिखल आणि भाल्यांचं टोळकं एकाच फ्रेममध्ये येतं. भीतीसुद्धा सगळ्यांची मिळून दिसते.

आता आमच्या घराकडे येतो. छावणीतून पडेगाव-मिटमिट्याच्या रस्त्याने निघालं की तासा-दोन तासांत वैजापूर तालुका लागतो. तिथल्या पालखेडला फेब्रुवारी 1728मध्ये निजाम कोंडला गेला. बाजीरावाने त्याला मागे पळवलं, त्याचा जड तोफखाना मागे पडला, मग पाणी आणि रसद तोडली. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह. मोठी हातघाई नाहीच. हे काम हजारो स्वारांचं होतं, आणि त्यातले कितीतरी पावसाळ्यात नांगर धरणारे.

भन्साळीच्या चित्रपटात बाजीराव निजामाच्या तंबूत एकटा जातो. प्रसंग देखणा आहे, मलाही आवडतो. पण त्या एका ‘एकटा’मध्ये पालखेडचे सगळे स्वार गायब होतात. माझ्या चुलतभावाच्या फोनवर त्या चित्रपटाची रील दिवसातून दहादा वाजते. त्याचं आजोळ वैजापूरचं. पालखेडला काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘‘दादा, त्या पिक्चरमध्ये आहे का ते?’’