पाहणे आणि ओळखणे

आमचे बिऱ्हाड दिल्लीच्या ज्या भागात आहे, त्याचे हिंदूराव हे नाव बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांच्यावरून पडले. नाव रोज शेकडो मुखांतून उच्चारले जाते. त्यामागचा मराठी माणूस मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. परप्रांतातील हे अपरिचितपण हंसल मेहता यांचा 'अलीगढ' (२०१६) हा हिंदी चित्रपट पुन्हा पाहताना आम्हांस प्रकर्षाने जाणवले.

त्याचा नायक कल्पित नव्हे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरली आणि एका पुरुषाशी असलेल्या त्यांच्या संबंधाचे चित्रण करून गेली. निलंबन झाले ते मात्र सिरसांचेच. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले.

या कथेतून आक्रोशाचे नाट्य सहज उभे करता आले असते. दिग्दर्शकाने तो मोह टाळला, हे आम्ही त्याचे मोठे यश मानतो. 'अनपढ' (१९६२) मधील लताबाईंचे गीत ऐकत, मद्याचा पेला हाती धरून एकटाच बसलेला हा प्रौढ पुरुष मनोज बाजपेयी यांनी विलक्षण संयमाने उभा केला आहे. प्रिय व्यक्तीच्या दृष्टीने आपल्याला पारखून आपलेसे केले, असा त्या गीताचा भाव. आणि या माणसाला लाभलेली दृष्टी कोणती, तर कॅमेऱ्याची! पाहणे आणि ओळखणे यांतील हे अंतर हाच चित्रपटाचा खरा विषय होय. पुढे एक तरुण वार्ताहर बातमीसाठी येतो आणि त्यांच्या कवितेविषयी, एकटेपणाविषयी ऐकू लागतो. 'समलिंगी' या एका शब्दात आपले मन मावत नाही, हे सिरस त्याला सांगू शकतात. कोणी ऐकणारा भेटताच संकोचलेला चेहरा हळूहळू उजळतो. न्यायालयात वकिलांचा वाद रंगला असता ते मात्र आपल्या कवितांच्या अनुवादात गढलेले असतात. आपली ओळख कोठे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

उणीव एवढीच की, या मराठी कवीची कविता आपल्यापर्यंत बव्हंशी परभाषेतून पोहोचते. परंतु तो दोष चित्रपटाच्या माथी मारण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या काव्यसंग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार लाभला होता. अलीगढ दिल्लीहून अवघ्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर. आम्ही मात्र त्यांचे नाव प्रथम ऐकले ते बातमीत!

बदलीच्या गावचे एकाकीपण आपणां सर्वांस परिचित आहे; पण आपण ते चारचौघांत बोलून दाखवू शकतो. सिरसांना तेवढीही मुभा नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्याने भय सरले असेल. सोबत देणे न्यायालयाच्या हाती नाही. ती शेजाऱ्याने द्यावयाची असते आणि कवी असल्यास वाचकाने. सिरसांच्या बाबतीत आम्ही दोन्ही ठिकाणी उणे पडलो.