चित्रीकरणाची उपजीविका

चलच्चित्राचा विषय निघाला की मराठी समीक्षकाची दृष्टी दादासाहेब फाळक्यांपासून निघून प्रभातच्या तुतारीपाशी थबकते आणि तेथून अलीकडच्या पारितोषिकप्राप्त चित्रपटांवर जाऊन स्थिरावते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. परंतु त्याच्याही आधी, १८९९ साली, मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली होती, आणि केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजप्यांचे १९०१ मधील स्वागतही त्यांनीच चित्रित केले होते. आसपास घडलेला प्रसंग टिपावा, तो लोकांना दाखवावा आणि त्यावर प्रपंच चालवावा, ही जी या कलेची मूळची वहिवाट, तीच आज महाराष्ट्रातील बहुसंख्य कॅमेरावाल्यांची आहे. लग्नसमारंभ, कारखान्यांचे माहितीपट, सेवाभावी संस्थांचे अहवालपट, शिकवणीवर्गांची व्याख्याने हे त्यांचे कार्यक्षेत्र. या कामाची समीक्षा कोणी करीत नाही, ही उपेक्षा मला अन्याय्य वाटते. घराघरांतून जपले जाते ते यांचेच काम होय.

२००८ साली कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या मूळच्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात फुल एचडी चित्रीकरणाची सोय आली, आणि पार्श्वभूमी धूसर ठेवून चेहरा उठावदार करण्याचे जे वैभव तोवर मोठ्या बजेटच्या चित्रपटांचे होते ते तालुक्याच्या गावातील स्टुडिओच्या हाती लागले. हा लाभ लहान नव्हे. मात्र उपकरण आवाक्यात आले तशी स्पर्धा वाढली, दर घसरला, आणि खर्च ग्राहकाच्या नजरेआड सरकला. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने फोर-के चित्रण केले तर तासाला ४५ जीबी फुटेज साठते. दोन कॅमेरे प्रत्येकी पाच तास चालले तर ४५० जीबी, आणि बॅकअप ठेवणे भागच असल्यामुळे त्याच्या दुप्पट. कोटेशनच्या कागदावर मात्र ‘एका दिवसाचे इतके’ एवढाच मजकूर असतो; हार्डडिस्क, एडिटिंगसाठी जागवलेल्या रात्री, बिघडलेल्या लेन्सची दुरुस्ती, हे सारे त्या एका ओळीत गडप होते.

या व्यवसायाची खरी शाळा लग्नमंडप हीच आहे, असे माझे मत आहे. मंगलाष्टके संपून अंतरपाट बाजूला होतो तो क्षण पुन्हा घेता येत नाही. त्या वेळी वधूवरांच्या एका बाजूस गुरुजी, दुसऱ्या बाजूस मामा, समोरून अक्षतांचा वर्षाव आणि मोबाइल उंचावलेले नातेवाईक, इतक्या गर्दीतून दोन्ही चेहरे एका चौकटीत धरायचे, तर कोठे उभे राहायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. हॉलमधील ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकतात, तेव्हा शटर एक पन्नासांशावर किंवा एक शतांशावर बांधले नाही तर साऱ्या चित्रावर पट्टे सरकताना दिसतात, हेही नवखा माणूस येथेच शिकतो. शिवाय चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ही मिळकत जवळजवळ थांबते, आणि आठ महिन्यांच्या प्राप्तीवर बारा महिन्यांचे हप्ते फेडण्याची तजवीज करावी लागते.

इतक्या कसून घडलेल्या हातांतून जी लग्नफीत बाहेर पडते तिच्यात मला सर्वाधिक खटकते ती ध्वनीची हेळसांड. घाणा भरताना एखाद्या वृद्ध आत्याबाई ओवी म्हणतात. कॅमेरा त्यांच्या ओठांवर असतो, पण वेगळा माइक कोणी लावलेला नसतो, आणि एडिटिंगच्या टेबलावर त्या ओवीच्या जागी हिंदी चित्रपटाचे गाणे चढते. पुढे ही फीत इंटरनेटवर चढवली की स्वामित्वहक्कापायी ते गाणेही अनेकदा मुके केले जाते, आणि आत्याबाईंचा आवाज तर आधीच गेलेला असतो. हा दोष केवळ अभिरुचीचा नाही. ध्वनिमुद्रण हे स्वतंत्र काम आहे आणि त्याला स्वतंत्र मेहनताना आहे, ही गोष्ट दराच्या त्या एका ओळीत कोठेच लिहिलेली नसते. जे लिहिलेले नाही त्याचा मोबदला मिळत नाही, आणि ज्याचा मोबदला नाही ते काम कालांतराने कलेतूनच लोप पावते.

माहितीपटांच्या शाखेत हीच उणीव ‘चेंजेस’च्या रूपाने येते. पहिला कट दाखवल्यावर अधिकाऱ्याने एक सुधारणा सुचवावी, मग त्याच्या वरिष्ठाने ती फिरवावी, आणि एडिटरने फायनल, फायनल-दोन, फायनल-तीन अशा फाइली रचत बसावे, हा प्रकार सार्वत्रिक आहे. मुंबईच्या मालिकांत तर काम करून तीन महिन्यांनी पैसे मिळण्याची वहिवाटच पडून गेली आहे, आणि उमेदवारीच्या वर्षांत तगादा करण्याचे धैर्यही फार थोड्यांना होते. वास्तविक सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या व्यावसायिकास २००६ च्या कायद्याने लेखी करार असतानाही ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही. त्याच्या उलट, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे सतरावे कलम असे की मोबदला देऊन चित्रफीत करवून घेतली असेल तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक ती करवून घेणारा. म्हणून आपलेच काम नमुना म्हणून दाखवायचे असेल तर त्याचीही मुभा आधी कागदावर उतरवावी लागते. ही दोन कलमे होतकरू मुलांना लेन्सच्या आधी शिकवावीत, इतके त्यांचे महत्त्व मी मानतो.

तालुक्या-तालुक्यांतून छायाचित्रकारांच्या संघटना आहेत. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनी त्या कॅमेरापूजन करतात, काही ठिकाणी किमान दरही ठरवतात. त्यांनी आता एक सामाईक मराठी करारनामा तयार करावा. त्यात इसाराची रक्कम, ध्वनिमुद्रकाचा मेहनताना, हार्डडिस्कचा खर्च, किती वेळा फेरबदल करून मिळतील, मूळ फुटेज किती महिने जपले जाईल आणि ते मागितल्यास काय आकारले जाईल, यांचे वेगवेगळे रकाने असावेत, आणि ज्याच्या घरी किंवा संस्थेत काम आहे त्याच्या सहीवाचून शूटिंगची तारीख डायरीत चढवू नये.