ड्रॅगनाचें सोंग आणि ड्रॅगनाचा देह

कल्पनासृष्टींत एखादें पात्र निर्माण करणें ही एक गोष्ट; आणि तें पात्र हजारों अनोळखी माणसांच्या हातीं देऊन 'आतां तुम्हीच तें जगा' असें म्हणणें ही अगदीं निराळी. कथाकाराचा ड्रॅगन पर्वताएवढा झाला तरी कोणाची तक्रार नसते. परंतु संगणकाच्या जाळ्यावर सहस्रावधि लोक मिळून जे भूमिकांचे खेळ खेळतात, त्यांत प्रत्येकानें एक वंश व एक व्यवसाय पत्करून त्या जगांत वावरावयाचें असतें. एकानें ड्रॅगन व्हावें, दुसऱ्यानें ठेंगू मनुष्य व्हावें, आणि तरीही दोघांचा सामना बरोबरीचा व्हावा, अशी तेथें अट असते. ड्रॅगनाचा तर स्वभावच असा कीं तो कोणाच्या बरोबरीचा नाहीं. ही अडचण दोन खेळांच्या कर्त्यांनीं कशी सोडविली, हें ताडून पाहण्यासारखें आहे.

डिसेंबर २००३ मध्यें 'होरायझन्स' या नांवानें निघालेल्या, व पुढें 'इस्तारिया' म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळांतील ड्रॅगन चार पायांवर चालणारा, खराखुरा ड्रॅगन आहे. माणसाचीं वस्त्रें त्याला नाहींत. पण कर्त्यांची मुख्य युक्ति देहापेक्षां काळांत आहे. ड्रॅगन झालेला खेळाडू आरंभीं पिलूं असतो. त्याला उडतां येत नाहीं. पुष्कळ वाढ होऊन एक दीर्घ दीक्षाविधि पार पडला, म्हणजे मगच आकाश त्याचें होतें. सामर्थ्य नाकारलें नाहीं, फुकटही दिलें नाहीं. तें कमवावयास लाविलें.

दुसरी गोष्ट धनाची. पुरलेल्या ठेव्यावर नाग बसतो, ही समजूत आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. युरोपीय कथांतील ड्रॅगनही तसाच धनलोभी. या खेळांत तो लोभ नुसत्या वर्णनांत राहिला नाहीं. ड्रॅगनानें आपला ठेवा वाढवावा, आणि ठेव्याबरोबर त्याच्या कांहीं शक्तींचें बळ वाढावें, असा नियमच आहे. त्यामुळें खेळणाराला लोभाचा अभिनय करावा लागत नाहीं. तो आपोआप लोभी होतो. क्षेमेंद्रानें ज्या औचित्याची चर्चा केली, त्याचें हें चांगलें उदाहरण होय.

नोव्हेंबर २०२२ मध्यें ब्लिझर्ड कंपनीनें आपल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या विख्यात खेळाच्या 'ड्रॅगनफ्लाइट' या भागाबरोबर ड्रॅक्थिर नांवाचा वंश आणला. नेल्थॅरिअन या महाड्रॅगनानें युद्धासाठीं घडविलेले, हजारों वर्षें निद्रेंत राहिलेले आणि धन्यावांचून जागे झालेले हे सैनिक. ज्या कामासाठीं जन्म, तें कामच उरलें नाहीं. कथाबीज उत्तम आहे. परंतु देह पाहावा तर दोन पायांवर उभा, सडपातळ, माणसाच्या मापाला बेतलेला. शिवाय मानवसदृश असें दुसरें रूपही त्याला दिलें आहे. खांद्यावरचें चिलखत, कमरपट्टा असे थोडे भाग सोडले तर बाकीचें चिलखत मूळ देहावर दिसत नाहीं. तें मिरवावयाचें तर मानवी रूपच घ्यावें लागतें. जेथें महिनोन्महिने खपून मिळविलेलें चिलखत हाच मोठा मान, तेथें ही योजना म्हणजे ड्रॅगनपण टाकून देण्याची लालूचच होय. उड्डाणाचीही तीच गत. आरंभीं एका झेपेनंतर दुसरीपर्यंत कांहीं मिनिटें थांबावें लागे. त्यामुळें स्वतः पंख असलेल्या ड्रॅक्थिरालाही दुसऱ्या ड्रॅगनाच्या पाठीवर बसून हिंडणें सोयीचें होई!

तरी एक गुण मुक्तकंठानें सांगितला पाहिजे. या वंशासाठीं 'इव्होकर' हा स्वतंत्र व्यवसाय योजिला. त्यांतील अग्निश्वास कळ दाबून धरून साधावयाचा असतो. अधिक वेळ धरल्यास ज्वाळेचा पहिला तडाखा भारी बसतो. लवकर सोडल्यास तडाखा हलका, पण शत्रु मागाहून अधिक काळ जळत राहतो. श्वास छातींत कोंडून धरल्याची जाणीव खेळणाराच्या बोटाला होते, आणि तेवढ्यापुरता तो खरोखर ड्रॅगन असतो. २०२४ मध्यें योद्धा, जादूगार इत्यादि इतर व्यवसायही ड्रॅक्थिरांना खुले झाले. त्यानें खेळाडूंची सोय झाली. पण देह आणि विद्या यांची गांठ सैल झाली, असें आमचें मत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, दिवसाकाठीं तास-अर्धा तास काढून खेळणाऱ्यास पिलाचें तें लांबलचक बाळपण जाचक होईल. आक्षेप खरा आहे, आणि अधिक लोकांना रुचेल असा मार्ग ब्लिझर्डनें पत्करला याचें नवल नाहीं. पण बहुरूप्याला वाघाचें कातडें मिळालें, तरी वाघाची भूक मिळत नाहीं. ती भूक नियमांतून उत्पन्न करणें हेंच या कलेचें खरें काम. पुढें जो कोणी ड्रॅगनाचा वंश रचील, त्यानें पंखांचे रंग ठरविण्यापूर्वीं या प्राण्याला कशाची हांव आहे आणि काय करतां येत नाहीं, हें आधीं ठरवावें. रंग मागाहून भरतां येतील.