बदलापूरच्या पुढची निष्ठा

निष्ठा ही वस्तू बँकेत ठेवता येत नाही. आली असती, तर तिच्यावर व्याज किती टक्के द्यावं यावरून आमची युनियन आणि मॅनेजमेंट यांच्यात आणखी एक तंटा उभा राहिला असता. बी.कॉम.ला आम्हांला ‘गुडविल’ नावाची एक मालमत्ता शिकवली होती. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ताळेबंदात तिची किंमत मांडावी लागते. एखाद्या संघावरचं प्रेम ही त्याच जातीची मालमत्ता. फरक एवढाच की गुडविल मालकाला पैसे मिळवून देते, आणि संघप्रेमात खर्च सगळा आपला, नफा खेळाडूंचा.

हा हिशेब धसईत बसून मांडावा म्हणजे नीट कळतो. धसई हे मुरबाड तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं बाजाराचं गाव. 2016 च्या डिसेंबरात ‘रोखविरहित गाव’ म्हणून ते वर्तमानपत्रांत झळकलं, त्या वेळी आम्हां बँकवाल्यांची कॉलर ताठ झाली होती. तर अशा या धसईत मुंबईच्या क्रिकेट संघाचे कट्टर भक्त आहेत. आता मुंबईच्या क्रिकेट संघटनेची हद्द सांगायची पद्धत मोठी मजेदार आहे. ती लोकलच्या स्टेशनांनी सांगतात. पश्चिमेला डहाणू, मध्य रेल्वेवर बदलापूर, हार्बरला खारघर. धसईला स्टेशनच नाही. म्हणजे जिल्हा ठाणे, मुलगा नोकरीला मुंबईत, जीव मुंबईच्या संघात, आणि संघाची हद्द मात्र बदलापूरला संपते! गाडी बदलापूरला थांबली तरी निष्ठा एस.टी.ने पुढे येते आणि बहुतेक वेळा उभ्यानेच येते.

ही निष्ठा एवढ्या लांब आणली कोणी? रेडिओने. मैदान आम्ही पाहिलेलं नाही, खेळाडू पाहिलेला नाही, पण त्याचा त्रिफळा उडाला की जेवण जात नाही, ही किमया एका आवाजाची. म्हणून आज त्या आवाजाचं थोडं परीक्षण करावं म्हणतो. सिनेमाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, मग ज्या कार्यक्रमाने पाच-पाच दिवस लोकांची कामं बुडवली त्याचं का होऊ नये?

या आवाजाचे आद्य पुरुष म्हणजे बॉबी तल्यारखान. मुंबईत पंचरंगी सामने व्हायचे त्या काळात ते दिवसभर एकटे बोलत. शेजारी दुसरा समालोचक बसवून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. काउंटरवर मीही असाच दिवसभर एकटा बोलतो, पण माझं ऐकायला कोणी ट्रान्झिस्टर विकत घेत नाही. त्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेले अशी संघांची वाटणी होती, म्हणजे निष्ठा जन्मदाखल्यासोबतच मिळायची. 1946 च्या सुमारास ते सामने बंद पडले हे बरंच झालं. रणजी करंडकाने निष्ठेला धर्माऐवजी प्रांत दिला. प्रांत बदलता येतो, निदान बदलीचा अर्ज तरी करता येतो.

मराठीत हे काम बाळ ज. पंडित यांनी केलं. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. त्यामुळे चेंडू काय करतो हे त्यांना विचारावं लागत नसे. पंडितांच्या आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींच्या मराठीने आम्हांला काय दिलं पाहा. षटक, निर्धाव, यष्टिरक्षक, धावचीत. आणि त्यातला कोहिनूर म्हणजे ‘पायचीत’. इंग्रजीत या प्रकाराला तीन शब्दांचं लांबलचक नाव आहे, तेही आद्याक्षरांनीच सांगावं लागतं. मराठीत पाय आडवा आला, माणूस चीत झाला, विषय संपला! कुस्ती पाहिलेल्या गावाला हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. ‘त्रिफळा’बद्दल मात्र आमच्या एका वृद्ध नातेवाइकांचा शेवटपर्यंत समज होता, की पोट बिघडल्यामुळे फलंदाज परत गेला.

दोषही सांगतो, नाहीतर ही स्तुती होईल, परीक्षण होणार नाही. आकाशवाणीचं समालोचन ऐन वेळी वाऱ्याची दिशा सांगत बसायचं. प्रेक्षागारातले पाहुणे, मान्यवर, त्यांच्या टोप्या यांची यादी चालू असताना गडी बाद होऊन पॅव्हेलियनमध्ये पोचलेला असायचा. कसोटीत तर हिंदी आणि इंग्रजीच्या पाळ्या. विकेट नेमकी इंग्रजीच्या पाळीत पडायची. मग गर्दीच्या आवाजावरून निदान करावं लागे. आवाज दबला म्हणजे आपला गेला, उसळला म्हणजे त्यांचा. वीज गेल्यावर टीव्ही मुका झाला, की माझ्या लहानपणीही हीच विद्या कामाला यायची.

पण एक गुण त्या समालोचनात असा होता, की त्यापुढे हे सारे दोष माफ. तो आवाज कोणाच्या बाजूचा नव्हता. समोरच्याने चौकार मारला तरी तो चौकार तितक्याच स्वच्छ आवाजात सांगितला जायचा. आम्ही इकडे कपाळ बडवतोय आणि रेडिओ म्हणतोय, सुंदर फटका! फार राग यायचा.

अमेरिकेत असं नाही. तिकडे बास्केटबॉलच्या संघांचे स्वतःचे समालोचक असतात. बोस्टनच्या सेल्टिक्स संघाचा जॉनी मोस्ट 1953 ते 1990 एवढी वर्षं रेडिओवर उघडउघड घरच्यांची बाजू घेऊन ओरडत राहिला. 1965 च्या बाद फेरीत फिलाडेल्फियाविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत बोस्टनच्या हॅव्हलिचेकने चेंडू पळवला, तेव्हाची मोस्टची आरोळी इतकी गाजली की तिची ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. 1987 पासून तर न्यूयॉर्कमध्ये दिवसरात्र फक्त खेळाच्या गप्पांचं रेडिओ केंद्र सुरू झालं. श्रोते फोन करतात आणि आपल्याच संघाच्या प्रशिक्षकाला शहाणपण शिकवतात. यात नवल ते काय? असं केंद्र आमच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर विनापरवाना चालू आहे. फोनचाही खर्च नाही.

मोस्टबद्दल मला आदर आहे. त्याचा पक्षपात पाटी लावून केलेला होता. तरी मला आमचा कोरडा आवाज जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याला पुरावा 1974 चा. मुंबईने 1958-59 ते 1972-73 असा सलग पंधरा वर्षं रणजी करंडक घरात ठेवला होता. 1970-71 ला तर अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातच झाला. मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर, कप्तान सुधीर नाईक, तरी मुंबई जिंकली. त्या दिवशी बदलापूरच्या पुढच्या माणसाने हसावं की रडावं हे कोणी सांगितलं नाही. ते ज्याचं त्याने ठरवलं. मग 1974 च्या उपांत्य सामन्यात बंगलोरला कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईला बाहेर काढलं. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांची शतकं, प्रसन्नाने उडवलेला गावस्करांचा त्रिफळा, वाडेकर धावचीत. मी तेव्हा जन्मालाही आलो नव्हतो. हा तोटा मला वडीलधाऱ्यांच्या खात्यातून पुढे ओढून मिळाला. पण सांगताना आमचे काका प्रसन्नाचा तो चेंडू असा सांगत, की काकांनीच तो टाकला असावा! शत्रूच्या चेंडूचं एवढं कौतुक त्यांना शिकवलं कोणी? त्याच कोरड्या आवाजाने. रेडिओ निष्ठेचं काम करत नसे, म्हणून ते श्रोत्याला स्वतः करावं लागे. स्वतः केलेली गोष्ट माणूस सहजासहजी टाकत नाही.

आता 2024 कडे या. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला काढून हार्दिक पंड्याला कप्तान केलं. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी घरच्याच प्रेक्षकांनी घरच्याच कप्तानाची हुर्यो उडवली. माइक संजय मांजरेकरांच्या हातात होता. त्यांनी गर्दीला सरळ सांगितलं, की जरा नीट वागा. यावर टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, तिकीट आम्ही काढलं, तोंडही आमचं. दुसरा म्हणे, घरच्या माणसाला परक्यांसमोर बोलू नये. माझं मत मांजरेकरांच्या बाजूने. माइकवाल्याचं एकच खरं काम असतं. आपल्या माणसांना जे ऐकायचं नसतं, ते त्यांना सांगायचं. त्या दिवशी मला जुना रेडिओ ऐकल्यासारखं वाटलं.

तो हंगाम मुंबईने शेवटच्या क्रमांकावर संपवला. जूनच्या 29 तारखेला बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्याच पंड्याने टाकलं आणि भारत जिंकला. 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. आनंदच आहे. पण बँकेच्या नजरेने पाहिलं तर एप्रिलचं कर्ज जुलैत माफ झालं. व्याज कोणी भरलं नाही, आणि कर्ज होतं हेही कोणाला आठवेना.

दोष प्रेक्षकांचा एकट्यांचा नाही. आज पडद्यावरचा आवाज प्रत्येक चेंडूला अद्भुत म्हणतो. आनंद तोच व्यक्त करतो, हळहळ तोच, कोणाचं चुकलं तेही तोच ठरवतो. प्रेक्षकाला करायला उरतं काय? एक तर हुर्यो, नाहीतर जयघोष. त्यात लिलावात खेळाडू इकडचे तिकडे जातात. गेल्या साली ज्याला शिव्या दिल्या त्याची आरती या साली ओवाळावी लागते. आमच्याकडेही बदल्या होतात, पण तीन वर्षांनी आणि रडारड करून.

तरी मी निराश नाही. बाद फेरीच्या दिवसांत टपरीवर जाऊन पाहा. मोबाइलवर सामना चालू असतो, आणि वैतागून कोणीतरी त्याचा आवाज बंद केलेला असतो. मग एक जण आपला आपणच सांगू लागतो. समोरच्याने बरा मारला, म्हणतो. बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. तो मागे हटत नाही. मुंबई हरते. सगळे त्याला मनसोक्त शिव्या देतात आणि त्याच्याच नावावर चहा सांगतात.