निर्वासिताची जात

निर्वासित म्हटलं की काय दिसतं? डोक्यावर बोचकं, काखेत पोर, मागं जळणारं गाव. या चित्रात जात दिसत नाही. आपली पोरंही मग म्हणतात, फाळणीत सगळेच देशोधडीला लागले. लागले, खरंय. पण पलीकडं पोचल्यावर कोण कुठं उतरला, कुणाला छप्पर मिळालं अन् कुणाला तंबू, हे विचारायचं नाही काय?

मनोरंजन ब्यापारी यांचं ‘इतिवृत्ते चांडाल जीवन’ हे आत्मकथन २०१२ साली बंगालीत आलं. मी ते शिप्रा मुखर्जींच्या २०१८ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचलं. हा माणूस नमशूद्र. नमशूद्र म्हणजे ज्यांना आधी चांडाल म्हणत ते. पूर्व बंगालच्या पाणथळ मुलखातले कुळवाडी, नावाडी, मासे धरणारे. जोगेंद्रनाथ मंडल यांचे लोक. १९४६ साली मुंबईतून बाबासाहेबांची घटना समितीची वाट बंद झाली, तेव्हा मंडल आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांना बंगालमधून निवडून दिलं. जयंतीच्या भाषणात आपण एवढं सांगतो अन् पुढं जातो. त्या मतांमागं उभ्या असलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

त्यांचा मुलूख पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात आले. माणसं दंगलींच्या भीतीनं येत राहिली. बारिसालचं ब्यापारी कुटुंब आलं तेव्हा मनोरंजन अगदी लहान होता. बांकुड्याच्या शिरोमणीपूर छावणीत तो वाढला. नवा देश म्हणजे त्याच्या लेखी तंबू, सडका तांदूळ, सरकारी भत्ता आणि हगवणीनं मरणारी पोरं.

इथं मला ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ आठवतो. १९६० चा हा सिनेमा मोठा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यातली नीता निर्वासित वस्तीतली. घरासाठी राबून क्षयानं संपते, जगायचंय म्हणून डोंगरात टाहो फोडते. पण नीताचा बाप मास्तर आहे. भाऊ गाणं शिकतो. घर फुटकं असेल, पण घरात अक्षर आहे. ज्या भद्रलोकांचे नातेवाईक, शिक्षण, ओळखी कलकत्त्यात होत्या त्यांनी जादवपूरच्या बाजूला जमिनी बळकावून वसाहती उभ्या केल्या आणि पुढं त्या कायदेशीर करून घेतल्या. नमशूद्र कुळवाड्याकडं काय होतं? हात. त्याला सांगण्यात आलं, दंडकारण्यात जा. १९५८ साली त्यासाठी योजनाच निघाली. जो नाही म्हणेल त्याचा भत्ता बंद. निर्वासित एकच, वाटा दोन. घटकांचा कॅमेरा पहिल्या वाटेवर उभा आहे. दुसऱ्या वाटेवर कुणी कॅमेरा घेऊन गेलं नाही, म्हणून ब्यापारीला स्वतः लिहावं लागलं.

पोरगा चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडून पळतो. चहाच्या टपऱ्या, उष्ट्या बशा, बुडवलेली मजुरी, रेल्वे फलाटावरची झोप. नव्या मुलखात रुळणं म्हणतात ते हेच का? शिकलेले लोक विचारतात, निर्वासित मुलं नव्या समाजात का मिसळत नाहीत. अहो, मिसळायला समाज मोकळा पाहिजे ना! बंगाली भाषा त्याचीच होती, धर्मही तोच सांगितला होता. तरी भांडं लावायच्या आधी जात विचारली जायची. परका देश नव्हताच तो. ओळखीची वर्णव्यवस्था तेवढी सीमेच्या अलीकडं आधीच येऊन बसली होती.

आणि जे स्वतःच्या बळावर रुळले त्यांचं काय केलं? १९७८ साली दंडकारण्यातून हजारो निर्वासित सुंदरबनच्या मरीचझापी बेटावर आले. कुणाचा पैसा न घेता त्यांनी झोपड्या, शाळा, दवाखाना, बेकरी उभी केली. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडलं, गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून माणसं हुसकली. मेले किती, यावर वाद आहे. वर्गलढ्याची पुस्तकं पाठ असलेल्यांनी हे केलं, ही गोष्ट आपल्यातल्या लाल मित्रांनी जरा शांतपणे वाचावी.

या पुस्तकावर लिहिणारे बहुतेक जण एकच किस्सा सांगतात. रिक्षावाला ब्यापारी ‘जिजीविषा’ शब्दाचा अर्थ विचारतो, अन् रिक्षात बसलेली बाई महाश्वेतादेवी निघते. पुढं त्या आपल्या ‘बर्तिका’त त्याला लिहायला लावतात. गोष्ट खरी आहे, गोडही आहे. पण ती सांगणाऱ्यांना तीच का आवडते ते उघड आहे. तीत एक थोर हात खाली येतो. माझ्या मते पुस्तकाचा कणा दुसरीकडं आहे. तुरुंगात, ऐन तारुण्यात, काडीनं मातीत गिरवलेल्या अक्षरांत. ज्या राज्यानं छावणीत पाटी दिली नाही त्याच्याच तुरुंगाच्या मातीवर हा माणूस साक्षर झाला. पुढं जादवपूरला रिक्षा ओढली, छत्तीसगडात शंकर गुहा नियोगींच्या चळवळीत राहिला, शाळेत स्वयंपाकी झाला आणि २०२१ साली आमदारही.

पुस्तकात उणं आहे ते सांगतो. उत्तरार्धात प्रसंगामागून प्रसंग येतात, मारामाऱ्या वाढतात, ‘मी’ फुगत जातो. आई-बहिणी उपाशी दिसतात, बोलताना फारशा ऐकू येत नाहीत. ‘बलुतं’मध्ये दया पवार स्वतःला जितकं सोलून काढतात तितकं इथं नाही. पण आपली पोरं मुंबईला आली तेव्हा चाळीत एक बुद्धविहार होता, बाबासाहेबांचा फोटो होता. या पोराला एकट्यानं सगळं शोधावं लागलं, हा फरकही मोजला पाहिजे.

आणि हे सगळं दूर बंगालातलं नाही. गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत या निर्वासितांची गावं आहेत. सरकारनं एका उजाडलेल्याला आदिवासींच्या रानात नेऊन बसवलं. तिथला नमशूद्र पोरगा पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत त्याची जात नाही. म्हणजे गावात हिणवायला जात आहे, कचेरीत दाखल्याला नाही. आपले मेळावे नागपुरात होतात, चंद्रपुरात होतात. मुलचेऱ्याहून कुणाला बोलावलं होतं का कधी?