‘आपका बंटी’ : पालकांच्या विभक्ततेनंतरच्या बालवर्तनाचे कादंबरीरूप

स्वातंत्र्योत्तर हिंदी कादंबरीच्या इतिहासात मन्नू भंडारी (१९३१-२०२१) यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीचे स्थान निर्विवाद आहे. मुंबईहून धर्मवीर भारती यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकातून ती प्रथम क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९७१ मध्ये ग्रंथरूपात आली. घटस्फोटित दांपत्याच्या मुलाची शोकांतिका अशी तिची ओळख सामान्यतः करून दिली जाते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. आई-वडील वेगळे झाल्यावर मूल ‘अचानक’ बदलते, हट्टी होते, उर्मट होते किंवा अबोल होते, अशी तक्रार घराघरांतून ऐकू येते. या ‘अचानक’ शब्दाचीच उलटतपासणी कादंबरीने केली आहे आणि तिचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

कथानक थोडक्यात असे : शकुन ही एका महाविद्यालयाची प्राचार्या. पती अजय कलकत्त्यास राहतो. त्यांचा मुलगा बंटी शकुनजवळ, फूफी या जुन्या मोलकरणीच्या मायेत वाढतो आहे. वकील चाचांच्या मध्यस्थीने घटस्फोट पार पडतो. पुढे शकुन डॉ. जोशी या विधुर गृहस्थांशी विवाह करते आणि त्यांच्या जोत व अमी या मुलांच्या घरात बंटीला नेते. तेथे तो रुजत नाही; म्हणून वडिलांकडे कलकत्त्यास जातो. तेथे मीरा आणि तिचे तान्हे मूल आहे. अखेरीस त्याची रवानगी वसतिगृहात होते.

वरवर पाहता बंटीचे वर्तन जोशींच्या घरी गेल्यावर बिघडते. तो अभ्यासात मागे पडतो, अमीशी भांडतो, सांगितलेले ऐकत नाही, मनातले बोलत नाही. घरातील प्रौढ माणसांना बदल दिसतो तो येथे. वाचकाला मात्र तो पहिल्या पानांपासून दिसत असतो, कारण लेखिकेने निवेदनाचा मोठा भाग बंटीच्या जाणिवेतून केला आहे. आरशासमोर बसून आई कॉलेजला जाण्याची तयारी करते, तेव्हा तिचा चेहरा ‘ममी’चा न राहता प्राचार्यांचा होत जातो, हे तो रोज पाहतो. फूफीच्या गोष्टींत रूप पालटणारी राणी असते. आईचे हे रूपांतर आणि ती गोष्ट त्याच्या मनात एकमेकांत मिसळतात. म्हणजे जवळचे माणूस क्षणात परके होऊ शकते, ही भीती घटस्फोटाच्या कागदांहून जुनी आहे. (प्राध्यापक-वाचकाला हे आरशासमोरचे दृश्य किंचित अस्वस्थ करते, हेही नमूद करावयास हवे.)

मानसशास्त्रातील एक योगायोग येथे लक्षणीय ठरतो. ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली यांनी कॅलिफोर्नियातील ६० घटस्फोटित कुटुंबांतील १३१ मुलांचा अभ्यास १९७१ मध्येच सुरू केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये आला. वयानुसार प्रतिक्रिया बदलते, लहान मूल मागे सरकते, तर नऊ वर्षांपुढचे मूल रागावते आणि दोघांपैकी एकाची बाजू घेते, असे त्यांचे निरीक्षण होते. तुलनेसाठी अविभक्त कुटुंबांचा गट नसल्याने या अभ्यासावर पुढे रास्त टीका झाली. तरीही बंटीकडे पाहताना हे वर्गीकरण उपयोगी पडते, कारण तो नेमका सीमेवरच्या वयात आहे. आईला चिकटून राहणे आणि आईवर पाळत ठेवून तिचा न्यायनिवाडा करणे, ही दोन्ही वर्तने त्याच्यात एकाच दिवशी आढळतात. संशोधन जे वयोगटांत विभागते ते कादंबरी एकाच मुलात दाखवते.

शकुनच्या जाणिवेतून आलेली प्रकरणे या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत. बंटी हा अजयपर्यंत पोचण्याचा पूल आहे, अशी तिची आधी आशा असते. ती संपल्यावर तोच मुलगा अजयला दुखावण्याचे साधन होतो. शकुन हे स्वतःशी कबूल करते आणि म्हणूनच ती खलनायिका होत नाही. मुलाच्या वागण्यातील ताण हा मोठ्यांच्या न बोललेल्या हिशेबाचा ताण आहे, हे वाचकास येथे कळते. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली, हे ध्यानात घेतले तर या समंजस दांपत्याची कोंडी किती खोल होती याची कल्पना येते. आणि वसतिगृहाची सूचना तर वकील चाचा आरंभीच देतात! शेवट म्हणजे मोठ्यांनी आधीच योजून ठेवलेला उपाय आहे.

कादंबरीत एक उणीव निश्चित आहे. अजयचे अंतरंग जवळजवळ अप्रकाशित राहते. मूल ज्याच्याजवळ राहते त्याचेच दोष पाहते. दृष्टिकोन मुलाचा असल्याने दोषाचे माप आईच्या पदरात जास्त पडते. आईने स्वतःच्या सुखाचा विचार केला म्हणून मुलाचे वाटोळे झाले, असा निष्कर्ष काढणारा वाचक त्यामुळे कादंबरीतूनच पुरावे गोळा करू शकतो. शकुनची प्रकरणे हा तोल सावरतात, पण पूर्णपणे नाही. ‘जन्मपत्री : बंटी की’ या प्रास्ताविकात, वाचक केवळ अश्रू ढाळून थांबला तर आपले म्हणणे योग्य ठिकाणी पोचले नाही असे समजू, अशा आशयाचा इशारा लेखिकेने दिला आहे. तो देण्याची गरज भासावी, यातच धोक्याची जाणीव दिसते.

तो धोका चित्रपटाने खरा केला. ‘समय की धारा’ या रूपांतरातील बदलांवर आक्षेप घेऊन लेखिका दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ खाली १९८६ मध्ये झालेला निर्णय लेखकाच्या नैतिक अधिकारासंबंधीचा भारतातील पायाभूत निर्णय मानला जातो. आक्षेपांत बंटीचा मृत्यू दाखवणारा शेवट होता. विधी विभागात हा खटला शिकवला जातो, साहित्य विभागात तो क्वचितच निघतो. वस्तुतः त्यातील वाद वाङ्मयीन आहे. मुलगा मेला की प्रेक्षक रडतो आणि प्रकरण मिटते. कादंबरीतला बंटी जिवंत आहे, वडिलांसोबत आगगाडीत बसला आहे, भोवती अनोळखी चेहरे आहेत, आणि वसतिगृहात त्याच्या वागण्याला कोणते नाव दिले जाईल हे लेखिका सांगत नाही.