अचल चित्त आणि वधकचित्त

रिंझाई पंथाचे झेन आचार्य ताकुआन सोहो (१५७३–१६४५) यांनी शोगुनचे खड्गविद्या-शिक्षक यागयू मुनेनोरी यांना उद्देशून लिहिलेले ‘फुदोची शिन्म्योरोकु’ हे प्रकरण झेन आणि खड्गविद्या यांच्या संबंधाचा आधार मानले जाते. अचल प्रज्ञा हा त्याचा विषय. अचल म्हणजे पाषाणवत स्थिर नव्हे, तर कोठेही न अडकणारे चित्त, असे ताकुआन सांगतात. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर चित्त थांबले की योद्धा तिच्या अधीन होतो. सहस्रभुज अवलोकितेश्वराचे चित्त एका हातावर थांबले, तर उरलेले ९९९ हात निरुपयोगी ठरतील, हा त्यांचा दृष्टान्त मार्मिक आहे. अनासक्तीचे इतके सुबोध विवेचन क्वचितच आढळते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

याच प्रकरणात एक प्रसंग येतो. चीनमध्ये मंगोल सैनिकांनी मुगाकु सोगेन (१२२६–१२८६) या भिक्षूंवर तलवार उगारली. भिक्षूंनी शांतपणे एक गाथा म्हटली आणि सैनिक परत फिरले. उगारणारा शून्य, तलवार शून्य, ज्यावर प्रहार होणार तोही शून्य, असे ताकुआन यांचे त्यावरील भाष्य आहे. आमचा आक्षेप येथेच आहे. ही शून्यता निःशस्त्र भिक्षूला, स्वतःच्या मानेवर तलवार असताना, उमगली होती. तीच खड्गधाऱ्यापुढे आदर्श म्हणून ठेवली की तिचा अर्थ उलटतो. स्वतःचे मरण शून्य मानणे हा त्याग होय. दुसऱ्याचे मरण शून्य मानणे ही मारणाऱ्याची सोय होय.

पालि परंपरेने या गल्लतीला वाव ठेवलेला नाही. अभिधम्मानुसार एकग्गता हा चेतसिक सर्व चित्तांत असतो, अकुशल चित्तांतही. नेम धरलेल्या शिकाऱ्याचे चित्तही एकाग्रच असते. तेवढ्यावरून ते कुशल ठरत नाही. अट्ठकथांनी प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत: प्राणी, तो प्राणी असल्याची जाणीव, वधकचित्त, प्रयत्न आणि त्यामुळे घडलेला मृत्यू. राजाने हसत हसत चोराच्या वधाची आज्ञा दिली, तरी निर्णयक्षणीची त्याची चेतना दुःखयुक्तच असते, असेही त्या सांगतात. म्हणजे वरवरच्या प्रशांततेने वधकचित्त पुसले जात नाही. संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्तात ग्रामणी विचारतो की, रणात मरणारा योद्धा देवलोकी जातो काय? तथागत दोनदा उत्तर नाकारतात. तिसऱ्यांदा, मारण्याच्या विचाराने लढणाऱ्याला नरकगती सांगतात. ग्रामणी रडतो, तो पूर्वाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसविले म्हणून.

हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता नाही. डी. टी. सुझुकी यांनी १९३८ साली झेन व जपानी संस्कृतीवरील इंग्रजी ग्रंथात या खड्गविचाराचा गौरव केला, तेव्हा जपानी सेना चीनमध्ये युद्ध करीत होती. पुढे १९९२ साली सोतो पंथाने युद्धकाळातील आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमायाचना केली.

आमचे काही वाचक विचारतील की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. मग इच्छारहित प्रहाराला तेथे आधार मिळत नाही काय? आमच्या मते मिळत नाही. गरज आहे की नाही, हे प्रज्ञेने व विवेकाने ठरवावे लागते. त्यासाठी चित्ताला थांबावे लागते. जे चित्त कोठेच थांबत नाही, ते या प्रश्नापाशीही थांबणार नाही.

ताकुआन यांचे प्रकरण अभ्यासकांनी अवश्य वाचावे. ध्यानाभ्यासाला त्याचा उपयोग होईल. परंतु विहारात आपण ज्या शीलाने पंचशीलाचा आरंभ करतो, ते पहिले शील बाजूला ठेवून ते वाचू नये.